तीन पिकअप आणि सासूबाईंचा कान

३ सप्टेंबर, सोमवार

मेला! माझ्या गिटारचा मागचा पिकअप मेला! भर तालमीत, ऐन माझ्या सोलोच्या तोंडावर. आधी खर्रर्र, मग घसा बसल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. बोटं चालताहेत, तारा हलताहेत, ॲम्प्लिफायर गप्प. पोहण्याच्या मास्तरीणबाई गातच राहिल्या – त्या पाण्याखालीसुद्धा गात राहतील. दाताच्या डॉक्टरांनी ड्रम थांबवून मला विचारलं, "दुखतंय का?" सवय!

तेवीस तारखेला तलाव पुन्हा उघडतोय. आठ महिने दुरुस्ती चालली होती. मास्तरीणबाई तिथेच शिकवतात, म्हणून आमच्या तिघांच्या बँडला बोलावणं. पहिलाच जाहीर कार्यक्रम. माझं वय एक्कावन्न. हाडांच्या डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला होता – त्यांच्या मनात रबरी चेंडू होता, मी इलेक्ट्रिक गिटार आणली. त्याला दोन वर्षं झाली. आणि आता गिटार मुकी!

एक बातमी मात्र चांगली. जेवताना सासूबाईंनी जाहीर केलं – एक तारखेपासून धाकट्या दिरांकडे राहायला जाणार. कायमच्या. "त्याचं घर मोठं आहे. ठरलंय आमचं. गाडी पाठवणार आहे तो." नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग तोंडात गेला. "बरं," म्हणाला. मीही "बरं" म्हटलं. माझं "बरं" जरा लवकर आलं बहुतेक.

पण बावीस वर्षं! बावीस वर्षं भाजी कशी चिरायची ते ऐकतेय. आणि त्यांची खोली! दार घट्ट लागतं, भिंत जाड. ॲम्प्लिफायरला यापेक्षा चांगली जागा नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाई खाली गेल्या असं वाटून त्यांच्या खोलीत टेप घेऊन शिरले. टेपचं दुसरं टोक सारखं निसटत होतं. मागून कुणीतरी धरलं. त्याच!

"किती भरलं?"

"दहा फूट चार इंच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"पलंग हलवलास की अजून मोठी वाटेल," म्हणाल्या आणि टोक सोडून गेल्या.

समजूतदार आहेत हो, कधी कधी.

६ सप्टेंबर, गुरुवार

चष्म्याचं दुकान सुटल्यावर दुरुस्तीवाल्याकडे. पोट उघडलेल्या रेडिओंच्या ढिगात बसतो. एरवी नुसतं "हुं" म्हणतो, पण पिकअपचा विषय निघाला आणि माणूस सुटलाच! मेलेला पिकअप काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा लोहचुंबक. त्याच्याभोवती ही तांब्याची तार. केसापेक्षा बारीक. सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार थरथरली की ती थरथर हा पकडतो. तुमची कुठेतरी आत तुटलीय. आता शोधत बसलो तर मला तुमच्याकडे चष्म्याला यावं लागेल."

मग तीन वेगळे पिकअप समोर मांडले. पहिला एकाच गुंडाळीचा – आवाज लखलखीत, पण जवळ मोटर असली की गुणगुणतो. दुसरा दोन गुंडाळ्यांचा – गुणगुण आपोआप मारतो, आवाज जाड. तिसरा कुठल्यातरी मोडक्या गिटारमधून काढलेला, वय माझ्याएवढं. "त्याचं काही सांगता येत नाही," म्हणाला. मी तिघांना नावं देऊन टाकली. शिट्टी. रजई. म्हातारा.

"तिन्ही घेऊन जा. नुसत्या चिमट्यांनी जोडता येतील असं करून देतो. वाजवून बघा. जो बरा वाटेल त्याला सोल्डरचा कायमचा डाग देऊ."

सोप्पं आहे.

८ सप्टेंबर, शनिवार

सोप्पं नाही.

पिकअप बदलायचा म्हणजे तारा सैल करा, स्क्रू काढा, चिमटे लावा, स्क्रू घाला, तारा ताणा, सुरात आणा. पंचवीस मिनिटं. तोवर आधीचा आवाज कसा होता ते आठवतंय कुणाला!

दुकानात दिवसभर मी काय करते? समोरच्याच्या डोळ्यांवर काच ठेवते आणि विचारते – पहिली बरी की दुसरी? आता? पहिली की दुसरी? लोक म्हणतात, "दोन्ही सारख्याच वाटतात." एकवीस वर्षं मी गोड हसून मनात म्हणत आले, एवढंसुद्धा कळत नाही यांना!

आज शिट्टी वाजवली, रजई वाजवली, पुन्हा शिट्टी. दोन्ही सारखेच वाटतात.

नवऱ्याला विचारलं. तो बसडेपोत वेळापत्रकं लावतो, मिनिटाचा फरक त्याला झोपेतही कळतो. डोळे मिटून अगदी मनापासून ऐकलं त्याने. म्हणाला, "दुसरा दोन मिनिटं जास्त चालला."

हाकलला.

९ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकघरातून सासूबाई – "आधीचा बरा होता गं. हा नाकात बोलतोय."

बोलावलं होतं का कुणी? आता गिटारसुद्धा नीट चिरलेली नाही वाटतं!

संध्याकाळी पुन्हा शिट्टी लावली. खरंच की. रजई नाकातच बोलते. संताप.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

म्हातारा लावला होता. आवाज फार हळू, म्हणून ॲम्प्लिफायरची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. सासूबाई चष्मा सावरत बघायला आल्या. गिटारवर वाकल्या, अगदी नाक लावून, आणि म्हणाल्या, "हेच का ते?"

हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून ॲम्प्लिफायर म्हणाला – "हेच का ते?"

त्या दचकून दोन पावलं मागे. मीही! पुन्हा वाकल्या. "मी बोलतेय?" – "मी बोलतेय?" आतून त्यांचाच आवाज. म्हातारा बोललेलं पकडतो!

मग काय झालं, तर सासूबाईंनी पाठ ताठ केली, कानामागे केस सारले आणि कधी न ऐकलेल्या आवाजात, तरुण, गोड, आणि जरासुद्धा लाडात न येणाऱ्या, त्या गिटारला म्हणाल्या – "नमस्कार. कोणता नंबर हवाय?"

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या त्या. मला माहीत होतं. म्हणजे, एखाद्याची रास माहीत असते तसं माहीत होतं.

"लाइन मोकळी नाही, थोडं थांबा." "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" "मोठ्याने बोला, ओरडू नका." एकामागून एक! ॲम्प्लिफायर खणखणत होता. नवरा अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला. "कोण आलंय?" सासूबाई गिटारमध्ये – "आपला कॉल तोडण्यात येत आहे." तो निमूट आत गेला.

मी जमिनीवर बसून हसले. पोट दुखेपर्यंत. त्याही. आम्ही दोघी एकाच गोष्टीवर, एकाच वेळी – मला तरी याआधीचं आठवत नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

म्हाताऱ्याजवळ बसून नवऱ्याबद्दल काही बोलू नये. ॲम्प्लिफायर त्याच्या खुर्चीमागेच असतो.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

दुरुस्तीवाला म्हणतो, म्हाताऱ्याच्या आत मेण भरलेलं नाही, वेढे सैल आहेत, म्हणून बोलणं पकडतो. "वितळलेल्या मेणात बुडवला की गप्प बसेल." नको म्हटलं. "मग तुम्ही वाजवायला सुरुवात केली की तो किंचाळेल," म्हणाला. किंचाळतोच. कार्यक्रमाला उपयोग नाही. म्हणजे राहिले दोन.

१५ सप्टेंबर, शनिवार

रीतसर परीक्षा. सासूबाई माझ्याकडे पाठ करून खुर्चीत, डोळे मिटून, हात मांडीवर. मी पिकअप बदलायचे, गाण्याच्या त्याच चार ओळी वाजवायच्या. पंचवीस मिनिटं मध्ये गेली तरी त्यांना आधीचा आवाज जसाच्या तसा आठवतो!

शिट्टी ऐकून म्हणाल्या, "ही मुलगी खोटं बोलत नाही. पण बोलते फार." रजई ऐकून – "मोठ्या हुद्द्याचा माणूस. कोट घातलाय. फोन आपण केला असला तरी त्यालाच घाई."

तिसऱ्या वेळी मी लबाडी केली. स्क्रू काढले, तेच पुन्हा घातले, तारा सैल करून ताणल्या. शिट्टीच. वाजवली.

"मला फसवतेस?" डोळे मिटलेलेच! "तीच आहे. आणि तिसरी तार उतरलीय तुझी."

तार उतरली होती.

मग चहा. एक्स्चेंजच्या गोष्टी. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही असा कडक नियम होता, म्हणून नीट ऐकायला शिकल्या म्हणे! दोन भाऊ होते, रोज एकमेकांना फोन करून भांडायचे आणि आपटायचे. एक दिवस फोन बंदच झाले. आठवडा, दोन आठवडे. सासूबाईंना चैन पडेना. एका दुपारी त्यांनी स्वतःच दोघांना फोन लावले आणि लाइन जोडून दिली. "प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केला. मिटलं भांडण."

"आणि खरं कळलं असतं तर?"

"कसं कळणार? मी खोटं बोलले कुठे? मी फक्त जोडलं."

कप विसळताना मी विचारलं, "मग कोणता बसवू, आई?"

"तुला कोणता हवाय?"

"तुम्ही सांगा ना. तुमचा कान तयार आहे."

"माझ्या कानाचं काय घेऊन बसलीस. मी एक तारखेला जाणार. मागे तुलाच ऐकायचंय."

खरंच की. विसरले होते.

१६ सप्टेंबर, रविवार

शिट्टी. ठरलं. दुरुस्तीवाल्याने डाग दिला. गिटार बोलायला लागली – फार बोलते, पण खरं.

१८ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात एक आजोबा. पहिली बरी की दुसरी? "दोन्ही सारख्याच." मी म्हटलं, "काही घाई नाही. उद्या या, पुन्हा बघू." मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

२० सप्टेंबर, गुरुवार

सत्यानाश! तलावावर पहिली तालीम. गिटार जोडली आणि – हूंऽऽऽ. पंप! पाणी गाळणारा पंप, माझ्या डाव्या हाताला, जाळीच्या खोलीत, रात्रंदिवस चालतो. शिट्टीने त्याला कडकडून मिठी मारली. मी गप्प, तरी माझी गिटार हूंऽऽऽ.

तलावावरच्या माणसाला विनवलं, गाण्यापुरता बंद करा. "पंप बंद केला तर पाणी हिरवं होईल. मग साहेब मला हिरवा करतील."

दाताचे डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. दुसरा बसवू." सगळ्यावर एकच उपाय! मास्तरीणबाई म्हणाल्या, तीन दिवस राहिलेत, रजई तर रजई. मी रडायच्या बेतात. नाकात बोलायचं? पहिल्याच कार्यक्रमात?

सासूबाई आल्या होत्या बरोबर. "घरी बसून काय करू" म्हणून. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून – तिथला नियम – काठावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "वळ."

"काय?"

"वळ जरा. गिटार घेऊन. आमच्या एक्स्चेंजमध्ये पंखा लागला की कानात अशीच गुणगुण यायची. मी खुर्ची वळवून बसायचे. वळ. अजून. अजून थोडी. मागे ये. थांब! आता श्वाससुद्धा बेतानं घे."

गुणगुण गेली! दार लावल्यासारखी गेली. मी वर पाहिलं. समोर खरंच एक दार. त्यावर लिहिलेलं – 'पुरुष. कपडे बदलण्याची खोली.'

जरा डावीकडे वळले – हूंऽऽऽ. उजवीकडे – हूंऽऽऽ. त्या दाराकडे – शांत.

"लोकांना वाटेल तुम्ही रुसलात," डॉक्टर म्हणाले.

"रुसलेली चालेल," मी म्हटलं. "नाकात नाही बोलणार."

२३ सप्टेंबर, रविवार

झाला! झाला कार्यक्रम! घाईत अक्षर बघ कसं आलंय.

साठेक माणसं. प्लास्टिकच्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या. प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत, एका खुर्चीत न मावणारे. मी माझ्या खुणेवर उभी – जमिनीला चिकटपट्टी लावून ठेवली होती – म्हणजे लोकांकडे पाठ, पुरुषांच्या दाराकडे तोंड. कुजबुज सुरू. कुणीतरी म्हणालं, "त्या बाईंना सांगा ना, इकडे बघायला."

आणि मागून तो आवाज. माइक नाही, काही नाही.

"मंडळी, लक्ष द्या. कृपया उठा. आपापली खुर्ची उचला. माझ्यामागून या."

सासूबाई! निळ्या पिशव्या फरफरवत निघाल्यासुद्धा! कुणी विचारलं नाही का म्हणून. त्या आवाजाला कुणी का विचारतच नाही. पहिले उठले प्रमुख पाहुणे. खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली, ती सोडवायला दोन माणसं लागली. मग सगळी वरात माझ्या समोर येऊन बसली – शेवटची रांग थेट पुरुषांच्या दाराला टेकून. मास्तरीणबाई आणि डॉक्टर त्यांच्याकडे वळले. माझ्याकडे साठ चेहरे. शिट्टी गप्प. डॉक्टरांनी चार ठोके मोजले.

पहिलं गाणं कसं गेलं, आठवत नाही. दुसऱ्यात माझा सोलो. अर्ध्यावर आले आणि शेवटच्या रांगेमागचं दार तीन इंच उघडलं. एक डोळा. एक टॉवेल. दार बंद. पुन्हा उघडलं. माणसाने खुर्ची ढकलून पाहिली. खुर्चीवर एक भरभक्कम काकू होत्या, त्या कशाला हलतात! त्याने माझ्याकडे पाहिलं – बसलेल्या सगळ्यांची त्याच्याकडे पाठ, मला मात्र तो स्वच्छ दिसत होता. मी मान हलवून 'नाही' म्हटलं. तो तसाच फटीत उभा राहिला. आणि सोलो संपल्यावर टाळ्या कुणी सुरू केल्या? त्याने! एका हाताने टॉवेल धरून, दुसऱ्याने दारावर थाप मारत!

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "दोन सूर खाल्लेस."

"टॉवेल होता."

"मला वाटलंच. पण छान वाजवलंस हं. नीट कानावर येत होतं."

बावीस वर्षांत 'छान' पहिल्यांदा. चालता चालता मी त्यांचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता म्हणून. ओलांडून झाल्यावर सोडायचं राहून गेलं.

२४ सप्टेंबर, सोमवार

सासूबाईंनी बॅग काढली. एकच. "एवढंच?" – "तिकडे सगळं असतं." पुतण्यासाठी काहीतरी आणूया म्हटलं, तर "पाहू" म्हणाल्या. दिरांना फोन करून गाडीची वेळ विचारू का म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याला कशाला त्रास, माझं बोलणं झालंय." नवऱ्याला विचारलं, तुझं काही बोलणं झालं का भावाशी? म्हणाला, झालं ना, मागच्या महिन्यात. "काय, ठीक?" – "ठीक." एवढंच बोलतात ते.

संध्याकाळी मनाशी ठरवून त्यांच्या खोलीत गेले. जाऊ नका म्हणायचं, बस्स. दारात उभी राहिले. त्या स्वेटरची घडी घालत होत्या. मी म्हटलं, "थंडीचे कपडे घेतलेत ना?"

गाढव आहे मी.

२६ सप्टेंबर, बुधवार

दुपारी दुकानात फोन. अनोळखी बाई, गोड आवाज. "ज्येष्ठ नागरिकांच्या निवासातून बोलतेय. आजी एक तारखेला येताहेत ना आमच्याकडे, तळमजल्यावरची खोली अजून रिकामी झाली नाही. जिना चालेल का त्यांना? अर्जावर तातडीच्या वेळी कळवायला तुमचाच नंबर आहे. मुलांचे नाहीत दिलेले."

अर्ज कधीचा, विचारलं. ऑगस्टचा.

मग दिरांना लावला. "आई? इकडे? कधी ठरलं, वहिनी?"

त्या बाईंना परत फोन केला. म्हटलं, नाही चालणार. जिना नाही चालणार, तळमजला नाही चालणार, काहीच चालणार नाही. नाव खोडा.

आत्ता घरी आलेय. त्या आत भाजी चिरताहेत. आता आत जाते आणि चांगली कडाकडा भांडते.